गळा ऐकायला शिकायचं तर: आपल्या भागातल्या संगीताचा अभ्यास कसा सुरू करावा

"मला महाराष्ट्राच्या लोकसंगीतावर काम करायचंय," असं म्हणणारं कुणी ना कुणी दर वर्षी भेटतं. कधी मराठीत एम.ए. झालेलं असतं, कधी गाण्याच्या परीक्षा दिलेलं, तर कधी बँकेतून निवृत्त होऊन हौसेनं निघालेलं. मी तिघांनाही एकच विचारते: कुठल्या गावचं, कोण गातं, आणि कधी? बहुतेक जण इथेच अडखळतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, मीही अडखळले होते. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. पायऱ्या क्रमानं दिल्यात, पण प्रत्यक्षात तुम्ही चौथीवरून दुसरीवर तीन-चारदा तरी परत याल.

पायरी १: भाग ठरवा, मग त्याचे तुकडे करून एकच ठेवा

"महाराष्ट्राचं लोकसंगीत" हा विषयच नाही. ते एका मोठ्या कपाटाचं नाव आहे, आणि जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, वाघ्या-मुरळी, भारूड, पोवाडा, फडावरची लावणी, दशावतार, वारल्यांचा तारपा, कोकणातली जाखडी असं सगळं त्यात कोंबलेलं आहे. पुष्कळदा यातल्या एकाला दुसऱ्याची ओळखही नसते.

राज्याच्या हद्दी संगीताला लागू होत नाहीत, हे दुसरं. जेजुरीचा खंडोबा कर्नाटकात मैलार होतो आणि चौंडकं सौंदत्तीच्या यल्लमाच्या वाटेनं इकडेतिकडे सारखंच वाजतं. दशावतार सिंधुदुर्गात होतो तसा गोव्यातल्या पेडण्यातही होतो. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं म्हणून आपल्या कीर्तनातली साकी, दिंडी, ओवी, अभंग तिकडच्या हरिकथेत जाऊन बसले आणि तमिळ गायकांनी ते आपले केले. बेने इस्रायली मंडळींनी १९व्या शतकाच्या अखेरीस बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, आणि पुढे लोक इस्रायलला गेले तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली. म्हणजे "मराठी संगीताचा भाग" नकाशावर पेन्सिलीनं गोल काढून सापडत नाही. गाणारे जिथवर गेले तिथवर तो पसरलेला असतो.

निवडीचा माझा निकष साधा आहे. विषयाच्या एका वाक्यात माणूस, जागा आणि निमित्त हे तिन्ही आले पाहिजेत. "मावळातल्या साठीपुढच्या बायका लग्नाची हळद दळताना म्हणतात त्या ओव्या" हा विषय झाला. "ओवी: स्वरूप आणि परंपरा" असल्या नावाखाली काहीही खपतं.

आणि "लोकसंगीत म्हणजे जुनं" हे डोक्यातून काढून टाका. आंबेडकरी जलसे १९३०च्या दशकात उभे राहिले, वामनदादा कर्डकांसारख्यांची गाणी गावोगाव गेली, तरी कित्येक यादींत ती सापडत नाहीत, कारण यादी करणाऱ्याला जात्याचा आवाज "अस्सल" वाटतो आणि भीमगीताचा लाउडस्पीकर वाटत नाही. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्टीचंही तेच. तो बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ १९१२ साली जपानमध्ये निघालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. गणपतीच्या मिरवणुकीत तो वाजतो तेव्हा त्याला परका म्हणायची कुणाची छाती आहे?

पायरी २: आधी काय झालंय ते ऐका

मुद्दाम "ऐका" म्हणते, "वाचा" नाही. आपल्याकडे शब्दांचं काम भरपूर झालंय. हॅरी अक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१मध्ये पोवाडे गोळा करून छापले. अफझलखानाच्या वधावरचा अग्निदासाचा पोवाडा आज आपण वाचू शकतो तो अशा संग्राहकांमुळे. पण अग्निदासानं तो कोणत्या चालीत म्हटला, झीलकऱ्यांनी "जी जी" कुठे लावली, डफ कुठे थांबला, हे त्या पानांवर नाही. शब्द उरले, चाल गेली. माझ्या मते आपल्याकडच्या या अभ्यासाचं मोठं दुखणं हेच आहे, आणि नव्या माणसानं यायचं ते इथे.

ऐकायला काय आहे? जात्यावरच्या ओव्यांसाठी पहिला थांबा ठरलेला. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात सुरू केलेल्या कामातून हजाराहून जास्त गावांतल्या लाखावर ओव्या जमल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची आणि नोंदींची बाजू सांभाळली. आता हा साठा 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येतो, तिथे गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि आवाज एकत्र मिळतात. लाखावर ओव्यांपैकी ध्वनिमुद्रित झाल्या त्या थोड्याच, हेही ध्यानात ठेवा. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं एथ्नोम्युझिकॉलॉजीचं, म्हणजे समाजाच्या संदर्भात संगीत अभ्यासण्याच्या शास्त्राचं, संग्रहालय आहे; ते १९८२मध्ये सुरू झालं. अभ्यासकांनी जमा केलेल्या फिती तिथे बसून ऐकता येतात. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात केलेली ग्रामोफोन मुद्रणं शिकागो विद्यापीठानं इंटरनेटवर ठेवली आहेत. ते मुख्यतः बोलींचे नमुने आहेत, पण शंभर वर्षांपूर्वीचा उच्चार कानावर पडतो. वाद्यं डोळ्यांनी बघायची तर पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय.

वाचनात एक नाव सोडू नका: अशोक दा. रानडे. संगीताच्या त्यांनी केलेल्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा कोटी पाठ करायच्या नाहीत, त्यांच्याशी भांडायचं. वारकऱ्यांचं भजन भक्तिसंगीत की लोकसंगीत? आणि तेच भजन मैफलीत कुणी पंडितानं गायलं, तर? हे भांडण जमलं की विषय कळायला लागला.

पायरी ३: हातात वाद्य घ्या

महिनाभर एखाद्या भजनी मंडळात मागच्या ओळीत टाळ धरून बसा. "जय जय रामकृष्ण हरी" झालं की रूपाचा अभंग येतो, मग चाल कधी चढते, पखवाजवाला कुणाकडे बघून लग्गी लावतो, ज्याला येत नाही त्याला न दुखावता कसं सावरून घेतात, हे पुस्तकात मिळत नाही. टाळ चुकला की शेजारचे आजोबा नुसतं बघतात. त्या बघण्यातही बरंच शिक्षण आहे.

सोबत एवढं तरी यायला हवं: हार्मोनियमवर गाणाऱ्याचा षड्ज शोधता येणं. आपल्याकडे पट्टी "काळी चार", "पांढरी दोन" अशीच सांगतात, तुम्हीही वहीत तसंच लिहा. भातखंड्यांची स्वरलिपी शिका, आठवड्याचं काम आहे. १९०४मध्ये ते दक्षिणेत फिरले ते विद्वानांना गाठत, प्रश्न विचारत आणि सगळं वहीत टिपत. टिपून ठेवायची शिस्त त्यांच्याकडून घ्यावी.

पायरी ४: पंचांग बघून निघा

लोकसंगीत वर्षभर दुकान उघडून बसलेलं नसतं. गोंधळ लग्नानंतर आणि नवरात्रात. भोंडला आश्विनात. जाखडी गौरी-गणपतीत, नमन-खेळे शिमग्याला. दशावतार दिवाळीनंतर सुरू होतो. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात, आणि पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात राहुट्या लागतात तिथे गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देतात. तमाशावर काम करणाऱ्यानं फडाइतकंच त्या राहुटीतलं बोलणं ऐकावं. गणापासून वगापर्यंत काय दाखवायचं आणि किती वेळ, हे पैशाच्या बोलीतच ठरतं. मे महिन्यात सुट्टी आहे म्हणून तारपा ऐकायला निघालेले मी पाहिलेत. भात कापणीला आल्याशिवाय कोण वाजवणार?

जात्याचं काय, असं विचाराल. पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचं दळण संपलं. पण लग्नात हळद दळायला जातं अजून काढतात, पुजतात, त्याला सुपारी-हळकुंड बांधतात आणि सवाष्णी बसतात. तिथे ओवी आपसूक येते. म्हणून लग्नाच्या तारखा विचारून ठेवायच्या आणि आमंत्रण मिळवायचं. हे मुलींना सोपं जातं. मुलग्यांनी बहिणीला, वहिनीला, मावशीला सोबत न्यावं, आणि एकट्यानं आत घुसू नये.

पायरी ५: ध्वनिमुद्रण (आणि माझी फजिती)

माझं पहिलं मुद्रण मी एका सभागृहात केलं. चार बाया, समोर सतरंजी, वर पंखा. ओव्या म्हणा म्हटलं तर एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. दोन ओळी झाल्या की अडायचं. मला वाटलं विसरल्या. शेवटी एक आजी म्हणाली, "बाय, हाताला काम न्हाई, तर तोंडाला काय येणार?" कुणीतरी शेजारच्या घरातून जातं आणलं, मूठभर ज्वारी टाकली, खुंट्याला दोघींनी हात लावला आणि पुढचा पाऊण तास थांबणं नाही. ओवी जात्याच्या फेऱ्यावर बसलेली असते. फेरा काढून घेतला की ती उभी राहत नाही. "जात्यावर बसलं की ओवी सुचते" ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते, तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

घरी येऊन ऐकलं तर दुसरी फजिती. मोबाइलनं आवाजाची पातळी आपोआप वर-खाली केली होती. दळणाची घरघर वाढली की गाणं दबायचं आणि गाणं थांबलं की घरघर उसळायची. नेमका तो फेरा आणि शब्द यांचा मेळ मला मोजायचा होता, तोच गेला.

तेव्हापासूनचे नियम असे. साधा का होईना, वेगळा रेकॉर्डर. आपोआप पातळी बदलणारी सोय बंद. फाइल एमपीथ्री नको, वेव्ह; ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाज सर्वांत चढेल तेव्हा काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवा. पंखा, फ्रिज, टीव्ही गोड बोलून बंद करवा. कोंबडा बंद होत नाही, त्याला राहू द्या. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, कोण बसलंय, काय चाललंय हे सांगा. त्याच रात्री फाइल दोन ठिकाणी उतरवा, आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावात कुणाकडे तरी. फाइलचं नाव तारीख-गाव-क्रमांक असं असावं. "नवीन रेकॉर्डिंग १७" या नावाच्या फाइलींनी माझा एक अख्खा पावसाळा खाल्लाय.

पायरी ६: काय विचारायचं

"हा राग कोणता?" हे विचारायचं नाही. समोरचा माणूस ओशाळतो किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतो. "या गाण्याचा अर्थ काय?" हेही पहिल्या भेटीत नको.

अॅलन मेरियम या अमेरिकन अभ्यासकानं १९६४मध्ये मांडलेली एक चौकट नवख्याला बरी पडते: आवाज, त्याभोवतीचं माणसांचं वागणं, आणि त्यामागची समजूत. प्रश्न या तिन्हींकडे जायला हवेत. कोणाकडून शिकलात? हे कधी म्हणायचं नसतं? चुकलं असं कशाला म्हणता? हा जो मधला तुकडा आहे त्याला तुमच्यात काय म्हणतात?

शेवटचा प्रश्न सोन्याचा. मी त्या आजीला विचारलं होतं, "ही चाल कुठली?" तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "ह्यो माझ्या आईचा गळा. सासूचा निराळा हाय, तो हिला येतो," आणि सुनेकडे बोट. ओव्या म्हणणाऱ्या कित्येक बायका चालीला "गळा" म्हणतात. हा एक शब्द मिळाला आणि माझा विषय बदलला. मी गावाप्रमाणे चाली लावत बसले होते, मुळशीची ही, भोरची ती. आता विचारायला लागले की तुमचं माहेर कुठलं, आईचं माहेर कुठलं. त्या घरात तरी गळा सोयरिकीच्या वाटेनं आला होता. सगळीकडे असंच असेल असं मी म्हणत नाही, पण तुमच्या फॉर्मात "गाव" असा एकच रकाना असेल तर हे तुम्हाला कधी दिसणारच नाही.

गोंधळ्यांकडे गेलात तर ते कदमराई की रेणुराई हे विचारा. म्हणजे तुळजापूरच्या भवानीचे की माहूरच्या रेणुकेचे. संबळाची दोन तोंडं, तुणतुण्याची तार, हातातली दिवटी यांतलं प्रत्येक कोण करून देतं, चामडं कुठून येतं, हेही विचारा. गोव्यातलं घुमट पूर्वी घोरपडीच्या कातड्यानं मढवत. वन्यजीव कायद्यामुळे ते थांबलं आणि बकऱ्याचं कातडं आलं, मग २०१९मध्ये सरकारनं घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. कातडं बदलल्यावर नाद बदलला का, यावर दोन वाजवणाऱ्यांना समोरासमोर बसवा आणि तुम्ही गप्प राहा.

जातीचा प्रश्न येणारच. हलगी कोण वाजवतं, का वाजवतं, आणि कुणी ती मुद्दाम का सोडली, हे टाळून केलेलं काम अर्धवट. पण कुणी "आम्ही ते आता वाजवत नाही" म्हणालं तर "वाजवून दाखवा ना" असा हट्ट धरू नका. त्याचं न वाजवणं हीसुद्धा वहीत लिहायची गोष्ट आहे.

पायरी ७: कागदावर उतरवणं

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. वीस सेकंदांच्या गाण्याला एक संध्याकाळ जाते, हे आधीच मान्य करा.

एक उदाहरण घ्या. छापील संग्रहात ओवीची सुरुवात अशी असते: "पहिली माझी ओवी, पहिला माझा नेम". सात-सात अक्षरांचे दोन तुकडे, वाचायला सरळ. मुद्रणात मला ऐकू आलं ते साधारण असं: "पहिली गं माझी ओवी, बाई, पहिली गं माझी ओवी, पहिला माझा ने... नेम गं बाई, माझा नेम". "नेम" मधोमध तुटतो, कारण तिथे जात्याचा फेरा पुरा होतो आणि खुंटा दुसरीकडे जातो. "गं" आणि "बाई" छापताना भरतीचे शब्द म्हणून गाळतात, पण फेरा भरून काढायचं काम तेच करतात. म्हणून कागदावर तीन ओळी आखा: वर फेऱ्याच्या खुणा, मध्ये सूर, खाली गायलेले शब्द जसेच्या तसे. संग्रहातला शुद्ध पाठ चौथ्या ओळीत, वाटल्यास.

सूर लिहिताना आणखी एक मोह होतो. गळा अनेकदा चार-पाच सुरांतच फिरतो. त्यातला गंधार कोमलही नसतो, शुद्धही नसतो. शास्त्रीय गाणं शिकलेला कान लगेच म्हणतो, हा तर पिलू राग. किंवा, बाई बेसूर. दोन्ही घाई आहे. तीन वेगवेगळ्या ओव्यांत तोच गंधार त्याच जागी लागतो का बघा. लागत असेल तर तो तिचा सूर आहे, आणि तुमच्या स्वरलिपीत त्याला खूण नसेल तर खूण तुम्ही शोधा. प्रात किंवा सॉनिक व्हिज्युअलायझर ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात आणि सुराची उंची आलेखावर दाखवतात. मात्र आधी कानानं लिहा, मग आलेख उघडा. उलट केलंत तर आलेखात दिसतं तेच ऐकू यायला लागतं.

पायरी ८: संमती, पैसे, हक्क

मुद्रणाआधी सांगा: कशासाठी, कुठे ऐकवणार, इंटरनेटवर टाकणार की नाही. कागदावर सही घ्यायला लोक बिचकतात, तेव्हा संमती मुद्रणातच बोलून घेतली तरी चालते, पण प्रश्न स्पष्ट हवा. कॉपीराइट कायदा १९५७चा, आणि सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क त्यात १९९४मध्ये आला. गाणं पारंपरिक असेल, त्याचा कवी कुणालाच ठाऊक नसेल, तरी ते गायलेल्या बाईचा तिच्या गाण्यावर हक्क आहे. "लोकांचंच आहे, कुणाचंही नाही" असं म्हणून कुणी तुमची फाइल मागितली तर देऊ नका.

पैशाबद्दल लाजू नका. ज्यांचा तो धंदा आहे, म्हणजे गोंधळी, वाघ्या, फडावरचे कलावंत, त्यांना बिदागी आधी ठरवून द्या. घरच्या ओव्यांना पैसे देऊ केले तर कधी कधी राग येतो. तिथे साडीचोळी, नारळ, मुलीच्या लग्नात आहेर. काय रीत आहे ते गावातल्याच कुणाला तरी विचारा, स्वतः ठरवू नका.

आणि मुद्रण परत द्या. पेन ड्राइव्ह दिला तर तो डब्यात पडून राहतो. नातवाच्या मोबाइलवर फाइल टाकून, लावून दाखवून या. मी तसं केलं तेव्हा त्या आजीनं पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, तिसऱ्या ओवीला तिनं नाव चुकीचं घेतलंय, दुरुस्त कर. माझ्या लिहिलेल्या प्रतीत ती चूक मला दिसलीच नव्हती.

पायरी ९: पहिलं लिखाण

पुस्तक नको, पहिला लेख आठ-दहा पानांचा, एका गाण्यावर. कोण गातं, कधी, कशावर बसून, कोणाकडून आलं, कसं ऐकू येतं, आणि आधीच्या कुणी त्याबद्दल लिहिलंय त्याच्याशी तुमचं कुठे जुळत नाही. "प्राचीन काळापासून" या शब्दांनी सुरू होणारा परिच्छेद खोडा, तसं म्हणायला पुरावा बहुधा नसतो. गाणारीची परवानगी असेल तर तिचं नाव लेखकाच्या नावासारखं ठळक द्या, आणि तिला येणारे गळे कुणाकुणाचे तेही लिहा. मार्गदर्शक विचारतील, "राग कोणता ते लिहिलं नाहीत?" तेव्हा त्या गंधाराचा आलेख आणि तीन ओव्यांचं मुद्रण सोबत घेऊन जा.